मैदानाचा सेफ्टी बोर्ड

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण. या पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात शिरलं की शॉपच्या तोंडाशी एक फलक दिसतो. महिन्याच्या तारखांचे चौकोन अधिकच्या चिन्हासारखे मांडलेले असतात. दिवस विनाअपघात गेला की चौकोन हिरवा, किरकोळ लागलं की पिवळा, मोठा अपघात झाला की लाल. याला सेफ्टी क्रॉस म्हणतात. सकाळच्या मीटिंगला सुपरवायझर आधी त्या फलकासमोर उभा राहतो आणि उत्पादनाचं बोलणं मग सुरू होतं. दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, कारण 1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी हजारो कामगार शपथ घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. घरी त्यांचं मूल गुडघा फोडून आलेलं असतं. तिथे त्याला एकच प्रश्न विचारला जातो, ‘बघून खेळता येत नाही का?’

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत काम करतो. आमच्याकडे कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळा मात्र त्या दिवशी भरलेली असते. त्यामुळे गुरुवारचे दोन तास मी भोसरीजवळच्या एका शाळेत सातवीच्या मुलांबरोबर काढतो. गणिताच्या बाई आणि खेळाचे सर सोबत असतात. आमचा विषय एकच आहे. खेळताना आपल्याला कुठे, केव्हा आणि कशानं लागतं ते मोजायचं, त्याचा आलेख काढायचा, आणि आलेखात जे दिसेल ते दुरुस्त करून घ्यायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आईबापांना जी शिस्त कारखान्यात मिळते, ती मुलांना मैदानावर मिळाली पाहिजे. त्यासाठी लागणारं गणित त्यांच्या दप्तरात आधीपासून आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात स्तंभालेख आहे, सातवीत जोडस्तंभालेख, आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेख. ताळ्याच्या खुणा आणि वारंवारता सारणीही मुलं शिकतात. पुस्तकातले आकडे गव्हाच्या उत्पादनाचे किंवा झाडांच्या रोपांचे असतात. तेच तंत्र स्वतःच्या फुटलेल्या गुडघ्यावर चालवलं की स्तंभ काढणारा हात वेगळ्याच जोमानं चालतो, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

आधी ठरवा, दुखापत कशाला म्हणायचं

आकडे गोळा करण्याआधीचा पहिला तास वादाचा असतो आणि तो व्हायलाच हवा. ‘मागच्या महिन्यात तुला खेळताना लागलं का?’ असं विचारलं तर एक जण खरचटलेलं कोपर मोजतो, दुसरा मुरगळलेला पायही सांगत नाही. मग सारणीला अर्थ राहत नाही. खेळांच्या वैद्यकशास्त्रातही या प्रश्नावर बराच खल झाला. फुटबॉलच्या अभ्यासकांनी 2006 साली एकत्र बसून दुखापतीची व्याख्या ठरवली, तेव्हा कुठे एका देशातले आकडे दुसऱ्या देशाशी ताडून पाहता येऊ लागले. आमच्या वर्गात मुलं बोलून बोलून दोन पायऱ्यांवर येतात. ज्यामुळे खेळ थांबवावा लागला ती किरकोळ. ज्यामुळे दुसऱ्या दिवशीही खेळता आलं नाही ती मोठी.

मग प्रश्नावली. एका चिठ्ठीवर मावेल एवढीच. कोणता खेळ, कुठे खेळत होतास, वेळ कोणती, शरीराच्या कोणत्या भागाला लागलं, पायात काय होतं, महिन्यातून साधारण किती तास खेळतोस. ‘कोणाच्या चुकीमुळे लागलं?’ हा प्रश्न आम्ही मुद्दाम घेत नाही. चिठ्ठीवर नावही नसतं. मुलं दुखापत लपवतात आणि त्याला कारणं आहेत. घरी ओरडा बसेल, खेळ बंद होईल, संघातून नाव कापलं जाईल. मुलींना तर एकदा लागलं की ‘आता पुरे झालं खेळणं’ हे ऐकावं लागतं. नाव नसलं की चिठ्ठ्या बोलू लागतात.

‘कुठे’ या प्रश्नाची उत्तरं आमच्या भागाचा नकाशाच मांडतात. शाळेचं मैदान, सोसायटीचं पार्किंग, गावठाणातली गल्ली, एमआयडीसीतला मोकळा प्लॉट, कंटेनर आणि ट्रेलर जातात तो रस्ता. नांदेड, बीड, लातूर, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून कामासाठी आलेल्या कुटुंबांची ही मुलं आहेत. खोल्या लहान आणि मैदानं कमी, त्यामुळे जिथे जागा दिसेल तिथे खेळतात. मोकळ्या प्लॉटवर लोखंडाचा कीस आणि पत्र्याचे तुकडे पडलेले असतात, आणि मुलांच्या पायात बऱ्याचदा चप्पल असते. धनुर्वाताचा विषय इथे आपोआप निघतो. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात 10 आणि 16 वर्षांच्या मुलांसाठी टीडीची लस आहे. ती घेतली का, हे घरी विचारून यायला आम्ही सांगतो.

एकाच माहितीचे तीन आलेख

आता गणिताचा गाभा. समजवण्यासाठी मी फळ्यावर मनानं घेतलेले सोपे आकडे मांडतो. समजा, महिनाभरात क्रिकेट खेळणाऱ्या 60 मुलांना 15 दुखापती झाल्या आणि कबड्डी खेळणाऱ्या 20 मुलांना 10. पहिला स्तंभालेख काढला तर क्रिकेटचा स्तंभ उंच. वर्ग एका सुरात म्हणतो, क्रिकेट जास्त धोक्याचं.

मग विचारायचं, खेळणारे किती होते? क्रिकेटमध्ये दर 100 खेळाडूंमागे 25 दुखापती, कबड्डीत 50. दुसऱ्या आलेखात कबड्डीचा स्तंभ क्रिकेटच्या दुप्पट होतो. काही मुलं गप्प होतात, कबड्डीवाले चिडतात.

मग तिसरा प्रश्न, खेळले किती वेळ? समजा क्रिकेटवाला महिन्याला 25 तास खेळतो आणि कबड्डीवाला 10 तास. म्हणजे क्रिकेटचे एकूण 1,500 तास, कबड्डीचे 200. दर 1,000 तासांमागे क्रिकेटच्या दुखापती 10, कबड्डीच्या 50. तिसऱ्या आलेखात स्तंभ पाचपट. खेळांच्या दुखापतींचे जगभरचे अनेक अभ्यास याच मापानं, दर 1,000 तासांमागे, आकडे देतात. सातवीतलं मूल त्रैराशिकाच्या जोरावर तिथपर्यंत एका तासात पोचतं.

तरी निकाल लागलेला नसतो. कबड्डीतल्या त्या 10 दुखापतींपैकी 9 खरचटल्याच्या असतील आणि क्रिकेटमधल्या 15 पैकी चार बोटांच्या फ्रॅक्चरच्या असतील, तर? म्हणून प्रत्येक स्तंभाचे दोन भाग करायचे, किरकोळ आणि मोठ्या. हाच आठवीतला विभाजित स्तंभालेख. आकडे खोटे न बोलताही दिशाभूल करू शकतात, आणि अचूक प्रश्न विचारला की तेच आकडे नीट वाट दाखवतात. बातमीतला कुठलाही आलेख वाचताना ही मुलं पुढे आयुष्यभर विचारतील, ‘किती जणांमागे? किती वेळात?’ मला त्याचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं.

मुलं आणि मुली यांचा जोडस्तंभालेख काढताना हीच कसोटी लागते. मुलींच्या दुखापती कमी दिसतात म्हणून त्या सुरक्षित, असा अर्थ काढायची घाई होते. खेळाचे तास समोर ठेवले की कळतं, मुळात त्यांना मैदानच कमी मिळतं. तो धडा सुरक्षेइतकाच महत्त्वाचा आहे. आणि प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, हे त्या तासाला मी आवर्जून सांगतो.

एक सूचना प्रत्येक गटाला द्यावी लागते. वाय अक्ष शून्यापासून सुरू करा. 20 पासून सुरू केला तर 22 आणि 24 मधला फरक दुपटीचा दिसतो. प्रमाण कोपऱ्यात लिहा आणि चौकशी किती मुलांकडे केली तेही लिहा. आमच्या कंपनीत ऑडिटर आलेखावर आधी हेच शोधतो.

टिकल्यांचा नकाशा

स्तंभांनी ‘किती’ सांगितलं, ‘कुठे’ सांगायला नकाशा लागतो. मुलांनी टेप धरून शाळेचं मैदान मोजलं, कार्डशीटवर प्रमाणात उतरवलं आणि प्रत्येक दुखापतीच्या जागी टिकली चिकटवली. मुरगळण्याला काळी, कापण्या-खरचटण्याला लाल. टिकल्यांची पाकिटं मुलींनी घरून आणली होती.

लाल टिकल्या मैदानभर विखुरल्या. काळ्या मात्र बऱ्याचशा एका कोपऱ्यात, खो-खोच्या खांबापलीकडे दाटल्या. आतापर्यंत तिथे पाय मुरगळलेल्या मुलांना सगळे ‘धांदरट’ म्हणत होते. आम्ही सगळे त्या कोपऱ्यात गेलो. शॉपवर आम्ही याला गेम्बा म्हणतो, म्हणजे जिथे काम घडतं त्या जागी जाऊन बघायचं. गवत बाजूला केलं तर बोटभर मातीखाली पोकळ खड्डे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे खांब तिथे रोवले होते. मांडव गेला, खड्डे वरवर बुजले, पावसानं माती खाली बसली.

वर्गात परत येऊन आम्ही ‘पाच वेळा का’ ही पद्धत लावली, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत ‘का’ विचारत राहायचं. पाय का मुरगळला? खड्ड्यात गेला. खड्डा का होता? मांडवाचा खांब काढला आणि तो नीट भरला नाही. का भरला नाही? मांडववाल्याला कोणी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? ते काम कोणाचं हे ठरलेलंच नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘काका, मग मांडववाल्याला पैसे देतानाच खड्डे बघायचे.’ सातवीतल्या मुलीनं कारणाच्या मुळाशी जाऊन कायमचा उपाय सुचवला होता. खेळाच्या सरांनी मुरूम टाकून खड्डे धुमसून घेतले, आणि मुख्याध्यापकांनी पुढच्या मांडवाच्या कामात ती अट घालायचं ठरवलं.

हे सगळं जपानच्या काओरु इशिकावांच्या परंपरेतलं आहे. क्वालिटीची सात साधनं म्हणजे चेकशीट, पॅरेटो आलेख, माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती वगैरे, साध्या कामगाराला वापरता यावीत यावर त्यांचा भर होता. 1962 साली जपानमध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली आणि 1980 मध्ये भेलच्या हैदराबादच्या कारखान्यातून ती भारतात आली. लखनौच्या सिटी मॉन्टेसरी शाळेनं 1990च्या दशकात ती विद्यार्थ्यांपर्यंत नेली. आमच्या पट्ट्यात तर घराघरात क्वालिटी सर्कलचं प्रमाणपत्र टांगलेलं सापडतं. शाळेनं नुसती हाक दिली, तर शिकवायला येणारे पालक कितीतरी निघतील.

हेल्मेट सगळ्यात शेवटी

उपाय विचारले की मुलांचं पहिलं उत्तर असतं, ‘पॅड घालायचे, हेल्मेट घालायचं.’ सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची क्रमवारी ठरलेली आहे. आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर त्याजागी कमी धोक्याचं काही आणा. मग धोका आणि माणूस यांच्यात आडोसा घाला. मग नियम आणि प्रशिक्षण. अंगावर घालायची साधनं शेवटी. मैदानावर ही क्रमवारी अशी उतरते. खडे वेचले, खड्डे बुजवले, हा पहिला उपाय. लहान मुलांना सीझनच्या कडक चेंडूऐवजी टेनिसचा चेंडू दिला, हा दुसरा. खो-खोच्या खांबाला खडबडीत कडा राहू दिल्या नाहीत, सिमेंटच्या कठड्याला फोम बांधला, हा तिसरा. एका वेळी दोन संघांनी एकमेकांत मिसळून खेळायचं नाही, खेळाआधी अंग गरम करायचं, हा चौथा. त्यानंतर पॅड आणि हेल्मेट.

साधनं बिनकामाची आहेत असं अजिबात नाही. 1962 साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे फलंदाज नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली, ते वाचले पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. तेव्हा हेल्मेटच नव्हतं. रमण लांबा 1998 मध्ये ढाक्यात फलंदाजाच्या अगदी जवळ हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करत होते, चेंडू लागून ते गेले. फिल ह्यूज यांच्या डोक्यावर 2014 मध्ये हेल्मेट होतं, चेंडू लागला तो त्याखालच्या उघड्या मानेला. त्यानंतर मानेच्या संरक्षकाचा आग्रह वाढला. त्याआधीच अभ्यासकांनी फलंदाजांच्या दुखापतींच्या चित्रफिती पाहून चेंडू नेमका कुठे लागतो ते टिपलं होतं. हेल्मेटची चोच आणि जाळी यांच्या फटीतून चेंडू आत घुसतो, हे त्यांतून दिसलं, आणि 2013च्या ब्रिटिश मानकात त्या फटीची चाचणी आली, तीही मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या अशा दोन्ही आकारांच्या चेंडूंनी. आमच्या मुलांनी टिकल्या लावून जे केलं, तेच हे.

अंग गरम करण्याचंही तसंच. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या 125 क्लबांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. धावणं, तोल सांभाळणं, पायांचे व्यायाम, उडी मारून नीट उतरणं असा सुमारे वीस मिनिटांचा सराव ज्या क्लबांनी नियमित केला, तिथे एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशानं आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यानं कमी आढळल्या. या सरावाला ना महागडं साधन लागतं ना वेगळं मैदान.

आणि लागलंच तर

आलेखाच्या तासाला जोडून प्रथमोपचार शिकवलाच पाहिजे, कारण मुलांच्या मनात तेव्हा प्रश्न ताजे असतात. मुरगळलं तर तेल लावून चोळायचं नाही. पाय उंच ठेवायचा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, क्रेप बँडेज बांधायचं. टाच टेकवत नसेल किंवा आकार बदललेला दिसला तर एक्स-रे. कायमचा दात मुळासकट पडला तर तो तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरायचा, मूळ घासायचं नाही, दुधात ठेवायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात दातांच्या डॉक्टरकडे न्यायचा. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, डोकेदुखी, गोंधळ किंवा घडलेलं न आठवणं यांतलं काहीही दिसलं, तर त्या दिवशी तो मुलगा पुन्हा मैदानात उतरणार नाही, सामना कितीही अटीतटीचा असो. लगेच डॉक्टरांना दाखवायचं. हा नियम आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, कारण बऱ्याचदा मोठ्यांच्या आधी मित्राच्याच लक्षात येतं.

पुन्हा मोजा

नेदरलँड्सचे विलेम व्हॅन मेकेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली खेळातल्या दुखापती रोखण्याचे चार टप्पे मांडले : किती होतात ते मोजा, कारणं शोधा, उपाय करा, आणि पुन्हा मोजा. शाळांमधले बहुतेक उपक्रम तिसऱ्या टप्प्यावर संपतात. फोटो निघतो, तक्ता भिंतीवर लागतो आणि चौथा टप्पा राहून जातो.

दुसऱ्यांदा मोजताना शिक्षकांनी एका गोष्टीची तयारी ठेवावी. आकडा वाढलेला दिसू शकतो. मुलं आता न घाबरता सांगू लागलेली असतात. कारखान्यातही ‘निअर मिस’च्या नोंदी, म्हणजे थोडक्यात वाचल्याच्या घटना, वाढल्या की आम्हाला बरं वाटतं, कारण अपघाताआधीची खबर मिळू लागते. हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतल्या अभ्यासकानं 1931 साली मांडलं की एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ आणि 300 विनादुखापतीच्या घटना असतात. त्या नेमक्या प्रमाणावर पुढे बरेच वाद झाले, पण छोट्या घटना टिपल्या की मोठ्या टाळण्याची संधी मिळते, हा विचार टिकला. म्हणून आमच्या प्रश्नावलीत आता ‘थोडक्यात वाचलो’ असाही रकाना आहे. दुसरं असं की, एका वर्गातले आकडे लहान असतात. दोन-तीन दुखापती इकडेतिकडे झाल्या तरी स्तंभ हलतो. त्यामुळे एका महिन्यावर निकाल न देता पूर्ण सत्र बघावं. पावसाळ्यात शेवाळ आणि चिखल, एप्रिलमध्ये ऊन, शालेय स्पर्धांच्या आधी जादा सराव, हे चढउतार आलेखात दिसू लागतात.

ज्या शाळांना हे करायचं आहे त्यांना खर्च फारसा नाही. आलेख कागद, चिठ्ठ्या, एक टेप, एक कार्डशीट. गणित आणि खेळ या विषयांच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र द्यावा. पालकसभेत आलेख मुलांनी स्वतः मांडावा. समोर बसलेल्यांत कोणी प्रेसशॉपमध्ये असेल, कोणी फौंड्रीत, कोणी असेंब्ली लाइनवर. त्यांना स्तंभ वाचता येतो, पॅरेटो ठाऊक असतो, आणि खड्डा बुजवायला हात लावायला ते तयार असतात. नगरसेवकाकडे मैदानाची मागणी घेऊन जायचं असेल, तर ‘आमची मुलं रस्त्यावर खेळतात’ या तक्रारीपेक्षा किती मुलं, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर हे दाखवणारा आलेख जास्त वजनदार ठरतो.

येत्या जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मैदानाचा नकाशा काढा आणि ऑफिसबाहेर सेफ्टी क्रॉस लावा. रोजचा चौकोन रंगवायचं काम मुलांकडे द्या. चौकोन लाल झाला, तर त्या दिवशी त्या जागी जाऊन काय करणार हे खाली लिहायची जबाबदारी मात्र मोठ्यांची.